रुमालाखालची तीन बोटं

ब्रदर जयराज नावाच्या उपदेशकाने आमच्या वस्तीवरच्या दिनकरला फसवून त्याचा बैल नेला आणि काष्टीच्या बाजारात विकला. त्या उपदेशकाला आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांनी उपदेश करायला पुलपिट दिलं, जेवू घातलं आणि शेवटी एस.टी.त बसवून दिलं. बैल विकून देणारा दलाल मी होतो. ही तिन्ही वाक्यं खरी आहेत. पहिलं सगळेच सांगतात. तिसरं मी स्वतः सांगतो. दुसरं आजपर्यंत कुणी उच्चारलेलं नाही. म्हणून ह्या मासिकाच्या नाताळ अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा’ असं संपादकांनी म्हटलं तेव्हा मी घासाघीस न करता हो म्हटलं. माझ्या आयुष्यात घासाघीस न करता झालेला हा दुसरा व्यवहार. पहिला लग्नाचा, आणि तो सासऱ्यांनी ठरवला होता.

मी हेडी, म्हणजे गुरांचा दलाल. बाप मिशनच्या बंगल्यावर पाणी भरायचा. खांद्यावर कावड वाहून वाहून त्याची एक बाजू कायमची खाली झुकली होती. त्याच्याकडे बघून मी लहानपणीच ठरवलं, दुसऱ्याचं पाणी आपण वाहायचं नाही. चौथीत शाळा सुटली. कर्जतच्या एका व्यापाऱ्याची गुरं काष्टीपर्यंत पायी हाकत न्यायचं काम धरलं आणि काही वर्षांत त्याच व्यापाऱ्याला भावात गाठायला लागलो. बापाने नाव ठेवलं शांतवन, आणि डोकं कायम तापलेलं. नाव ठेवताना माझा सल्ला घेतला नव्हता.

बाजारात ख्रिस्ती हेडी मी एकटाच. लोक टोमणा मारायचे, ‘शांतवनराव, तुमच्यात खोटं बोलायचं नसतं म्हनं. मग धंदा कसा करता?’ मी म्हणायचो, ‘तुम्ही खोटं बोलून जेवढं कमावता तेवढं मी गप्प बसून कमावतो.’ हे गप्प बसणं नीट समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर आहे.

बैल विकायला आणायच्या आधी मालक त्याला नटवतो. शिंगं तासतो, तेल लावून चमकवतो, बाजाराच्या सकाळी मीठ घालून पोटभर पाणी पाजतो, म्हणजे बरगड्या दिसत नाहीत. नवखा माणूस शिंगं आणि वशिंड बघून खूश होतो. जाणता आधी दात बघतो, मग चालवून बघतो, आणि सगळ्यात शेवटी मानेवर हात घालतो, जू बसतं त्या जागी. राबलेल्या बैलाला तिथे घट्टा पडलेला असतो, टाचेच्या कातड्यासारखा. घट्टा नसला तर बैल कितीही देखणा असो, त्याने काम केलेलं नाही. तरी शंका राहिली तर गाडीत दगड भरायचे, दोर बांधून चाक अडवायचं आणि बैल जुंपायचा. खरा बैल मान खाली घालून रेटतो. नटवलेला मान वर करतो, इकडे तिकडे बघतो आणि बसतो.

भाव आम्ही तोंडाने बोलत नाही. खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली बोटांनी बोलायचं. एक बोट धरलं तर शंभर, दोन धरली तर दोनशे, अख्खा पंजा धरला तर पाचशे. भाव पटला नाही तर समोरच्याची पकड झटकून टाकायची आणि आपल्याला हवी तितकी बोटं दाबायची. बघणाऱ्याला वाटतं दोन माणसं हात धरून हवापाण्याच्या गप्पा मारताहेत. ही बोटं एक-दोन बाजारांत येत नाहीत. त्याला वर्षं जावी लागतात.

आणि माझा नियम एकच. विचारलं तर खोटं सांगायचं नाही. न विचारलं तर सांगायचं नाही. मला त्या नियमाचा अभिमान होता.

एकदा कर्जतकडचे एक तात्या मी विकलेला बैल घेऊन परत आले. बैल बसका होता. नांगर अर्ध्यावर आला की खाली बसायचा, आणि शेपूट पिरगाळली तरी उठायचा नाही.

‘का रं, ह्यो बसका हाय हे तुला ठावं हुतं?’

‘होतं.’

‘मग बोलला का न्हाईस?’

‘तुम्ही विचारलंत का, तात्या?’

तात्या म्हणाले, ‘न्हाई इचारलं. पर दावं माझ्या हातात देताना तू ग्वाड हसलास. ते बी म्या इचारलं नव्हतं.’

मी बैल परत घेतला नाही. पुढे कित्येक वर्षं हा किस्सा चहाच्या टपरीवर विनोद म्हणून सांगायचो.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या वस्तीची विहीर पावसाळ्यातच खडखडीत कोरडी झाली. पाणी होतं तीन मैलांवरच्या मळ्यातल्या विहिरीला. वस्तीवर कृपाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. मिशनच्या जुन्या सेविका. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं, आणि काम सुटल्यावरही तेच करत राहिल्या. त्यांच्याकडे जमिनीचा एक तुकडा आणि हरण्या नावाचा एक बैल. शेजारच्या दिनकरकडे पाखऱ्या नावाचा एक बैल. एकेक बैल असलेली माणसं आमच्याकडे सावड करतात: तुझा एक, माझा एक, मिळून जोडी, आधी तुझं रान, मग माझं. त्या वर्षी नांगरायला काही नव्हतं. मग कृपाबाईंनी कुठून तरी डांबराचं एक रिकामं पिंप मिळवलं, राखेने घासघासून धुतलं, दिनकरच्या गाडीवर चढवलं, आणि हरण्या-पाखऱ्याची जोडी दिवसाला दोन खेपा पाणी आणायला लागली.

पाणी वाटायला कृपाबाई स्वतः उभ्या राहायच्या. बाळंतीण आधी, म्हातारी माणसं मग, बाकीचे त्यानंतर. स्वतःचा हंडा शेवटी. एकदा तो भरायच्या आत पिंप संपलं. त्या रिकामा हंडा घेऊन घरात गेल्या आणि आतून ओरडल्या, ‘आज माझा उपास हाय, कुनी सरबत घिऊन यिऊ नगा!’ सगळी वस्ती हसली. हसून झाल्यावर घराघरातून तांब्यातांब्याने त्यांचा हंडा भरला. मी त्यातला नव्हतो. मी बाजारात होतो.

अशा दिवसांत ब्रदर जयराज आला. पांढरेशुभ्र कपडे, हातात पेटी, गोड आवाज. कुठून आला हे कुणाला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांकडे, म्हणजे आमच्या धर्मगुरूंकडे, सात गावं, ते आमच्याकडे महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार पंच बघायचे, आणि पंच म्हणजे यशवंत गुरुजी. बाकी दोघे मान हलवायला. गुरुजी मिशनच्या शाळेत शिकवायचे. माणूस सरळ, पण शुद्ध बोलणाऱ्याचा त्यांना फार आदर. ब्रदर इतकं शुद्ध बोलायचा की गुरुजींनी पहिल्याच रविवारी त्याला पुलपिटवर उभं केलं.

त्याची शिकवण थोडक्यात सांगतो. ‘पाऊस का पडत नाही? कारण तुम्ही हात राखून देता. ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याचा भरवसा जनावरावर आहे, देवावर नाही. दावण रिकामी करा, आकाश उघडेल.’ जनावरं तो नदीकाठच्या एका ‘विश्वासाच्या छावणीत’ नेणार होता. तिथे ती चरणार, आणि पाऊस पडला की ज्याने एक दिलं त्याच्या दारात दोन येणार.

दिनकरच्या बायकोने विचारलं, ‘ब्रदर, छावनी कुटं हाय? बगायला येऊ का?’

‘बहिणी, बघून ठेवलेला विश्वास हा विश्वासच नव्हे.’

बाजारात कुणी ‘दात बघू नका’ म्हणाला तर आम्ही त्याला बैलासकट हाकलू. चर्चमध्ये सगळ्यांनी आमेन म्हटलं.

खोटी शिकवण ओळखायला मोठा अभ्यास लागतो, असं पाळक लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मी त्या माणसाचा घट्टा शोधला. वस्तीच्या बायका रोजगार हमीसारख्या सरकारी कामावर खडी फोडायला जायच्या. ब्रदर तिथे जाऊन सावलीत बसून प्रार्थना करायचा. एक पाटी उचलून दिली नाही. पिंप आलं की त्याच्या आंघोळीला दोन बादल्या बाजूला निघायच्या, आणि त्याने त्या कधी नको म्हटल्या नाहीत. जे तो दुसऱ्याला द्यायला सांगत होता त्यातलं त्याने स्वतः काहीच दिलं नव्हतं. शिवाय त्याने जमीनदाराकडे, दुकानदाराकडे तोंड वळवलं नाही. एकेक बैलवाल्यांकडेच गेला. खोट्या गुरूचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे निःस्वार्थी माणूस. त्याला घासाघीस येत नाही. तो मागितलं की देतो. देण्यात चूक नाही. पण देणाऱ्याच्या मागे कुणी तरी दात बघणारा उभा लागतो. आमच्या मंडळीत दात बघणारा एकच होता, मी.

मी त्याला पहिल्याच रविवारी ओळखलं. आणि गप्प बसलो.

का, तेही सांगतो. पंचांनी मला कधी पंच केलं नाही. चर्चची कौलं बदलायची असली की शांतवन, भिंत बांधायची असली की शांतवन. पंचांची निवड आली की, ‘तो हेडी माणूस, त्याला कशाला?’ हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मग मी म्हटलं, हेडी नको तर हेड्याची पारखही नको. विचारतील तेव्हा सांगू. धंद्यातला नियम मी उचलला आणि चर्चच्या बाकावर आणून ठेवला. ही चूक हेडीच करू जाणे.

दिनकरने पाखऱ्या दिला. त्याच आठवड्यात मी काष्टीला उभा होतो, आणि गर्दीतून डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, मळका सदरा घातलेला एक माणूस पाखऱ्याला घेऊन माझ्याकडे आला. जवळ आल्यावर ओळखला. तोही क्षणभर दचकला, पण सावरला.

‘शांतवनभाऊ, छावणीला चाऱ्याची गरज आहे. एक विकून दहा जगवायचे. प्रभूच्या कामाला घाई असते.’

मी रुमाल टाकला. त्याचा हात खाली आला आणि मी चमकलो. बोटं शिकलेली होती. अर्ध्या मिनिटात सौदा झाला. त्या वर्षी गिऱ्हाईक एकाच जातीचं, कत्तलखान्याला माल पुरवणारं. पाखऱ्या मला ओळखत होता. वस्तीवरून जाताना मी त्याची पाठ थोपटायचो. दावं दुसऱ्याच्या हातात गेलं तेव्हा तो माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. मी दलाली खिशात टाकली आणि पुढच्या बैलाकडे वळलो. छावणी नव्हती, हे तेव्हा मला कळलं होतं. घरी येऊन बायकोलाही बोललो नाही.

पाखऱ्या गेल्यावर पाण्याची गाडी थांबली. बायका हंडे घेऊन तीन मैल चालायला लागल्या. आणि रविवारी कृपाबाई चर्चमध्ये उभ्या राहिल्या.

‘दिनकरनं दिला, आन् म्या मागं ठेवू व्हय? एकट्या हरण्यानं गाडी बी वढत न्हाई. येत्या कापणीच्या सणाला हरण्या देवाचा. पाऊस पडू द्या बाबा, पोरी लई दमल्यात.’

ब्रदरने डोळे मिटून हात वर केले. गुरुजींनी डोळे पुसले. मी शेवटच्या बाकावर होतो. त्या आठवड्यात मी हातात आलेले तीन सौदे मोडले आणि बायकोवर विनाकारण ओरडलो. ती म्हणाली, ‘काय खुपतंय ते बाहेर काढा, न्हाईतर जनावरांत जाऊन झोपा.’

आमच्या मंडळ्यांत कापणीच्या सणाची रीत अशी. ज्याच्याकडे जे पिकलं ते तो आणतो: बाजरीची कणसं, भोपळा, अंडी, कोंबडी. उपासना झाली की अंगणात सगळ्यांसमोर त्या अर्पणाचा लिलाव होतो. एक अंडंही उघड्यावर विकलं जातं. लिलाव पुकारायचं काम दरवर्षी माझं, कारण माझा आवाज मोठा आणि लाज कमी. त्या वर्षी अर्पण म्हणजे दोन कोंबड्या, मूठमूठ ज्वारीच्या चार पुरचुंड्या आणि लिंबाला बांधलेला हरण्या. कृपाबाईंनी त्याला पुसून, गळ्यात झेंडूची माळ घालून आणला होता. त्या दुष्काळात झेंडू कुठून आणला देवाला ठाऊक.

कोंबड्या झाल्या, ज्वारी झाली. मी हरण्याकडे वळलो तर ब्रदर मध्ये आला.

‘बैल लिलावाला नाही. हा थेट छावणीत जाईल.’

‘ह्या अंगणात आलेलं अर्पण लिलावात निघतं. गेल्या वर्षी पाळकसाहेबांचा भोपळा निघाला, यंदा हरण्याही निघेल.’

‘शांतवन,’ गुरुजी म्हणाले, ‘सणाचा दिवस आहे. आवाज खाली.’

तिथे माझं डोकं गेलं. ‘कसली छावणी? पाखऱ्या काष्टीला विकलाय ह्यानं! कापायला गेला तो!’

दिनकर माझ्याकडे बघायला लागला. ब्रदर मात्र हलला नाही. शांतपणे म्हणाला, ‘बंधूंनो, मी जन्मात गुरांच्या बाजारात पाय ठेवलेला नाही. सणाच्या दिवशी सैतानालाही बोलावंसं वाटतं.’

मागून कुणी तरी म्हणालं, ‘शांतवनदादा, सकाळीच घेतली व्हय?’ आणि लोक हसले. मी दारूला शिवत नाही. हसू ऐकल्यावर मला वाटलं, ब्रदरच्या कानाखाली द्यावी. हात उचललाही होता. पण रागात सौदा जमत नाही, हे मी धंद्यात महाग शिकलो आहे. उचललेल्या हाताला दुसरा हात जोडला.

‘चुकलो, ब्रदर. तोंड फाटकं आहे माझं. असं करा, एवढ्या लांब बैल कशाला न्यायचा? वाटेत मेला तर? हरण्या मीच घेतो, रोख. ते पैसे छावणीला द्या.’

त्याच्या डोळ्यांत काही तरी हललं. ‘पण लिलाव…’

‘लिलाव नको. कृपाबाईंच्या तोंडावर त्यांच्या बैलाचा भाव कशाला करायचा? रुमालाखाली बोलू.’

‘मला त्यातलं काही कळत नाही, भाऊ.’

‘कळायचं काय त्यात? हात द्या नुसता.’

मी खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकला आणि खालून त्याचं एक बोट धरलं. एक. मेलेल्या बैलाच्या कातड्याचा भाव. अनाडी माणूस असता तर गोंधळून तसाच उभा राहिला असता. पण कमी भाव हा असा प्रकार आहे की तो तोंडाच्या आधी बोटांना झोंबतो. त्याने माझी पकड झटकली आणि माझी तीन बोटं दाबून धरली. मी बाकीच्या दोन बोटांत त्याची मूठ आवळली आणि डाव्या हाताने रुमाल ओढून काढला.

मला काहीच बोलावं लागलं नाही. त्या अंगणातला प्रत्येक माणूस कधी ना कधी बाजारात उभा राहिलेला होता. माझी तीन बोटं आणि त्यावरची त्याची मूठ सगळ्यांना दिसली.

पहिला ओरडला दिनकर. ‘आरं तिच्या मायला! ही तर काष्टीची बोटं! तिनशे मागतोय हरण्याचं!’ आणि आपण चर्चच्या अंगणात आहोत हे आठवून त्याने जीभ चावली.

मला वाटलं मी जिंकलो. तेवढ्यात ब्रदर म्हणाला, आणि ह्या वेळी त्याचं बोलणं अजिबात शुद्ध नव्हतं, ‘मी इकला, तर ह्यानंच इकून दिला ना? दलाली घेतली ह्यानं. इचारा!’

कृपाबाई हरण्यापाशी उभ्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, ‘शांतवना, खरं का हे?’

‘खरं आहे.’

‘मग बोलला का न्हाईस, बाबा?’

माझ्या तोंडून जे उत्तर निघालं ते तात्यांना दिलेलंच होतं. ‘मला कुणी विचारलं नाही.’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. त्या म्हणाल्या, ‘गेल्या रविवारी समद्यांच्या देखत उभं ऱ्हाऊन म्या म्हनले, हरण्या देते. त्येलाच इचारनं म्हनत्यात. तुला ऐकू आलं न्हाई.’

एवढं म्हणून त्यांनी हरण्याच्या गळ्यातली माळ सारखी केली.

लोक ब्रदरवर धावले तेव्हा गुरुजी आडवे आले. ‘हात लावू नका. पंच बघतील काय करायचं ते.’ त्याला आत नेलं, दार लावलं. दिनकरला वाटलं फौजदाराला बोलावणं गेलं. दुपारी मी चौकशी केली तेव्हा कळलं, गुरुजींनी ब्रदरला मागच्या दाराने काढून स्टँडवर पोचवलं होतं, तिकीटही काढून दिलं होतं. ‘मंडळीची अब्रू वेशीवर टांगायची नव्हती,’ एवढं कारण मला मिळालं. पाखऱ्याचं काय, हे दिनकरने विचारलं तर, ‘देव बघून घेईल.’

संध्याकाळी कृपाबाई माझ्या दारात आल्या. माफी माग म्हणाल्या नाहीत, बैल दे म्हणाल्या नाहीत. ‘गाडीची दुसरी बाजू रिकामी हाय,’ एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

माझ्या दावणीला तेव्हा एक देखणा बैल होता, चांगल्या दिवसांत विकायला राखलेला. सकाळी तो हरण्याशेजारी जुंपला. अर्ध्या वाटेत तो खाली बसला. मी त्याच्या मानेवर हात घातला. घट्टा नव्हता. ज्याच्याकडून घेतला त्याने सांगितलं नव्हतं, आणि शिंगं बघून भुलल्यामुळे मीही विचारलं नव्हतं. तात्या तिथे असते तर त्यांनी माझा बैल बघून नव्हे, माझं तोंड बघून करमणूक करून घेतली असती. शेवटी त्याच्या बाजूचं जू मी खांद्यावर घेतलं आणि हरण्याबरोबर गाडी घरापर्यंत आणली. पुढे तो बैल हळूहळू शिकला, पण चढ आला की मला खांदा लावावाच लागायचा. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. बाजार बुडाला. दिनकर गाडी हाकायचा, माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. मला ते मान्य होतं. शेवटी उन्हाळ्यात एका चढावर तो खाली उतरला आणि म्हणाला, ‘सरक तिकडं. तुजी एक बाजू खाली झुकतीया.’ मी तोंड फिरवलं. बाप आठवला.

पाऊस पडल्यावर तो बैल दिनकरच्या दावणीला बांधला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. दिलेलं सांगत बसलं की परत घेतल्यासारखं होतं.

पंचांनी मला सहा महिने प्रभुभोजनाच्या विधीला बंदी केली. गुन्हा, सणाच्या दिवशी अंगणात भांडण आणि उपासनेच्या जागी बाजारी कृत्य. ब्रदरबद्दल ठरावात ओळ नव्हती. भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागला की मी उठून पायरीवर जाऊन बसायचो. पहिल्याच वेळी कृपाबाई माझ्या मागून बाहेर आल्या आणि शेजारी टेकल्या. मी म्हटलं, ‘बाई, बंदी मला आहे, तुम्हाला नाही.’ म्हणाल्या, ‘माजा हंडा शेवटी भरायची सवय हाय मला. आदी तू घे, मंग मी.’ सहा महिने त्या माझ्याबरोबर पायरीवर बसल्या. निःस्वार्थीपणावर मी पुष्कळ उपदेश ऐकले. त्या पायरीवर कुणी उपदेश केला नाही, आणि समजलं मात्र तिथेच.

त्यानंतर मी धंद्यातला नियम बदलला. न विचारता सांगायला लागलो. हा बसका, हा मारका, ह्याला संध्याकाळी दिसत नाही. पहिली दोन वर्षं लोकांना वाटलं मी वेडा झालो. नंतर लांबलांबचे शेतकरी माझं नाव विचारत यायला लागले. मी भाव मात्र सोडला नाही. खरं सांगणाऱ्याने स्वस्तात विकावं असं कुठे लिहिलेलं नाही.

कृपाबाई गेल्या. दिनकरही गेला. मी हे सगळं माझ्याबरोबर नेलं असतं. पण गेल्या वर्षी आमच्या चर्चची स्मरणिका निघाली. तिच्यात यशवंत गुरुजींचा लेख आहे. त्यात लिहिलं आहे की दुष्काळात एक भोंदू उपदेशक आला होता, परंतु पंचांनी त्याला वेळीच ओळखून बाहेरचा रस्ता दाखवला. रस्ता दाखवला हे खरं आहे. एस.टी. स्टँडचा. कृपाबाईंचं नाव नाही, हरण्याचं नाही, पाखऱ्या तर ह्या जगात कधी जन्मलाच नव्हता.

गुरुजी, तुम्ही चष्मा लावून हा अंक पहिल्या पानापासून वाचता, हे मला ठाऊक आहे. मी माझा हिशेब त्या अंगणात, सगळ्यांसमोर दिला. कृपाबाईंनी विचारलं आणि मी खरं म्हटलं, आणि त्याची शिक्षा पायरीवर भोगली. तुमची पाळी अजून यायची आहे. येत्या कापणीच्या सणाला दिनकरची मुलं अंगणात येतील, मी त्यांना सांगून ठेवलं आहे. त्यांच्यासमोर उभे राहा. त्या माणसाला पुलपिट कुणी दिलं, मागचं दार कुणी उघडलं, आणि त्यांच्या बापाला बैलाबद्दल ‘देव बघून घेईल’ असं कुणी सांगितलं, ते तुमच्या शुद्ध मराठीत सांगा.

इतकी वर्षं आम्हाला कुणी विचारलं नाही, असं तुम्ही म्हणाल. ते उत्तर माझं आहे, गुरुजी, आणि ते चालत नाही. मी विचारतो आहे.